दुखत नाही, हेच खरं दुखणं: बाबा आमटे आणि बधिर हातांची गोष्ट

तव्याचा चटका बसला की आपण हात मागे घेतो. चपलेत खडा गेला की थांबतो, चप्पल झटकतो आणि पुढे निघतो. यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतही नाही. पण हा चटका आणि हा खडा ज्याला कळतच नाही, त्याचं काय होत असेल?

नागपूरहून चंद्रपूरकडे निघालं की साधारण १०० किलोमीटरवर वरोरा लागतं. चाळीसच्या दशकात या गावातल्या एका वकिलाला या प्रश्नाचं उत्तर गटारीच्या कडेला पडलेलं दिसलं. ते इतकं भयंकर होतं की तो वकील तिथून पळून गेला.

त्याचं नाव मुरलीधर देविदास आमटे. आपण सगळे त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखतो.

बाबांना मिळालेल्या पुरस्कारांची यादी बऱ्याच जणांना पाठ असते. आज ती बाजूला ठेवू. माणसाच्या नसा मेल्या की शरीराचं काय होतं, आणि ते समजून घेण्यात बाबांचं अख्खं आयुष्य कसं गेलं, त्याची ही गोष्ट. शेवटी ती आजच्या कॅन्सरच्या वॉर्डापर्यंत येऊन पोहोचते.

शिकारी, शौकीन आणि सिनेमावेडा

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घरची मोठी जमीनदारी, वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत. बाबा हे नाव पुढे लोकांनी आदराने दिलं असं अनेकांना वाटतं, पण ते घरच्यांनी लहानपणीच ठेवलेलं लाडाचं नाव.

लाडही तसेच झाले. चौदाव्या वर्षी हातात स्वतःची बंदूक होती आणि रानडुकरं, हरणं यांची शिकार चालायची. शिक्षणासाठी नागपूर गाठलं. पुढे दिमतीला स्पोर्ट्स कार आली, तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं. इंग्रजी सिनेमांचा एवढा नाद की ते त्यांची परीक्षणं लिहायचे, हॉलिवूडच्या नटनट्यांना पत्रं पाठवायचे. नॉर्मा शिअरर या त्या काळच्या मोठ्या अभिनेत्रीकडून त्यांना उत्तरंही यायची.

नागपुरातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. ती चांगली चालली, पण मन रमेना. १९४२ ला चले जाव चळवळ पेटली तेव्हा पकडलेल्या कार्यकर्त्यांच्या बाजूने ते कोर्टात उभे राहिले आणि स्वतःही तुरुंगात जाऊन आले. सेवाग्राम जवळ होतं, गांधीजींच्या आश्रमात येणं-जाणं सुरू झालं. एकदा रेल्वेच्या प्रवासात गोरे शिपाई एका मुलीची छेड काढत होते. बाबा एकटे त्यांना भिडले, मार खाल्ला, पण मागे हटले नाहीत. गांधीजींच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी बाबांना अभयसाधक असं नाव दिलं.

हे नाव लक्षात ठेवा. पुढे याच नावाची परीक्षा होणार होती.

नागपूरचं लग्नघर आणि धुण्याचा दगड

नागपुरात घुले शास्त्रींचं कर्मठ, विद्वान घराणं होतं. त्या घरातल्या एका लग्नाच्या गडबडीत बाबांचं लक्ष एका मुलीकडे गेलं. सगळे नटण्यामुरडण्यात असताना ती गुपचूप मागच्या दारी जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. ही इंदू. डिसेंबर १९४६ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि इंदू घुलेची साधना आमटे झाली. साधनाताईंनी पुढे समिधा या आत्मचरित्रात हा सगळा संसार मांडला आहे.

संसार तरी कसला? वरोऱ्याला बाबांनी श्रमाश्रम काढला. वेगवेगळ्या जातीधर्माची माणसं एकत्र राहायची, आपापलं काम करायची आणि कमाई एकत्र करून वाटून घ्यायची. त्याच सुमारास बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचं जिणं काय असतं ते खुर्चीत बसून कळणार नाही, म्हणून उपाध्यक्ष महाशयांनी स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी घेतली आणि महिनोन्महिने घराघरांतले संडास साफ केले.

पावसातलं गाठोडं

अशाच एका पावसाळी संध्याकाळी बाबा काम आटोपून परत निघाले होते. गटारीच्या कडेला चिंध्यांचं गाठोडं पडलेलं दिसलं. जवळ गेले तर गाठोडं हललं.

तो एक माणूस होता. हातापायाची बोटं झडलेली, नाकाच्या जागी भोक, आणि अंगावरच्या जखमांत अळ्या. त्याचं नाव तुळशीराम. कुष्ठरोगाच्या शेवटच्या टप्प्यात तो तिथे मरत पडला होता.

बाबा घाबरले आणि पळाले.

घरी पोहोचले, पण मन ठिकाणावर येईना. गोऱ्या शिपायांना न घाबरणारा, मैल्याची पाटी वाहणारा माणूस एका आजाऱ्याला पाहून पळाला होता. मग कसला अभयसाधक? हा रोग आपल्या बायकोला झाला असता, मुलाला झाला असता, तरी आपण असेच पळालो असतो का, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडेना.

ते परत गेले. तुळशीरामवर पाऊस लागू नये म्हणून आडोसा केला, त्याला खाऊपिऊ घातलं. तुळशीराम वाचला नाही. पण भीती एका रात्रीत जात नसते. पुढे कित्येक महिने बाबा या भीतीशी झगडत होते, आणि शेवटी त्यांनी ठरवलं की जिथे भीती आहे तिथेच राहायला जायचं.

तुळशीरामला झालं काय होतं?

आपल्याकडे पक्का समज आहे की कुष्ठरोगात बोटं आपोआप गळून पडतात. तसं होत नाही.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या आर्माउर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू कमालीचा संथ असतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, म्हणून लागण झाल्यावर आजार दिसायला कित्येक वर्षं जाऊ शकतात. त्याला शरीरातल्या थंड जागा आवडतात: कातडी, नाक, आणि कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसा. नसांवर आवरण घालणाऱ्या पेशींतच तो घर करतो.

कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? ती नस कोपराच्या मागे अगदी वर असते, म्हणून कुष्ठरोगात ती हमखास सापडते. ती गेली की करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की चालताना पाऊल उचलत नाही, लोंबतं. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही, डोळा उघडा राहून कोरडा पडतो आणि दृष्टी जायची वेळ येते.

संवेदना साधारण टप्प्याटप्प्याने जाते. आधी गरम-गार कळेनासं होतं, मग दुखणं थांबतं, मग स्पर्श जातो. माणूस जळती विडी बोटात धरून बसतो, बोट भाजतं, त्याला पत्ता नसतो. पायात काटा मोडतो आणि तो त्याच काट्यावर दिवसभर चालतो. जखम चिघळते, हाडापर्यंत पोहोचते, हाड झिजत जातं आणि बोट आखूड होत जातं. जखमेवर माशी बसली, अंडी घातली, तरी कळत नाही. तुळशीरामच्या अंगावरच्या अळ्या या अशा आलेल्या असतात.

एरवी आपण दुखणं जावं म्हणून देवाला साकडं घालतो. या माणसांचं दुखणं गेलं, म्हणूनच त्यांचे हातपाय गेले.

आणि हे सगळं दिसायला लागलं की गाव त्यांना बाहेर काढायचं. घर, शेत, बायको-मुलं सुटायची. उरायचा तो भिकेचा कटोरा.

स्वतःच्या अंगावर प्रयोग

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलेलं होतं. तिथलं काम बाबांनी पाहिलं, वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत रुग्ण शोधायला लागले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. पण बाबा पडले वकील. म्हणून ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला गेले.

तिथे एक अडचण समोर आली. हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. आजही वाढत नाही. त्या काळी तो जनावरांतही वाढवता येत नव्हता. उंदराच्या तळपायात तो वाढवता येतो हे कळायला १९६० उजाडलं. जंतू वाढत नाही म्हटल्यावर संशोधन करायचं कसं? बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचं शरीर पुढे केलं आणि कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले. घरी बायको आणि दोन लहान मुलं होती. रोगाची लागण झाली नाही आणि प्रयोग तिथेच संपला.

याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूशी लढायची ताकद मुळातच असते. कुष्ठरोग हा सहजासहजी लागणारा रोग नाहीच.

सहा माणसं, एक लंगडी गाय आणि १४ रुपये

१९५१ मध्ये सरकारने वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन दिली. जमीन कसली, खडक, झुडपं, साप आणि विंचू. तिथे बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा येऊन राहिले. खिशात १४ रुपये होते. विनोबा भावे उद्घाटनाला आले. नाव ठेवलं आनंदवन.

पहिलं काम होतं विहीर खणायचं. आता जरा विचार करा. ज्या हाताला कुदळीचा दांडा लागतोय की नाही हे कळत नाही, तो हात खडक फोडणार होता. आपल्या हाताला फोड आला तर आपण पकड बदलतो, थांबतो. बधिर हात थांबत नाही. फोड फुटतो, रक्त येतं, काम चालूच राहतं.

म्हणून अशा माणसाला एक गोष्ट नव्याने शिकावी लागते: नसा जे सांगत नाहीत ते डोळ्यांनी पाहायचं. काम झालं की हात पाहायचे, पाय पाहायचे, जखम धुवायची, पट्टी बांधायची. रोज. आनंदवनात जखमा धुण्याचं आणि मलमपट्टीचं हे काम पहिल्या दिवसापासून होतं.

मग बसूनच का नाही खायला दिलं? बाबांचा याला ठाम विरोध होता. फुकट मिळणाऱ्या घासाने पोट भरतं, पण माणूस आतून मोडतो, हे त्यांनी भिकेच्या कटोऱ्यांमध्ये पाहिलं होतं. औषधाने रोग बरा होत होता. डॅप्सोनची गोळी तोवर आली होती. पण रोग बरा झालेल्या माणसाला घेणार कोण? त्याला कामच उभं करणार होतं.

विहिरीला पाणी लागलं, भाजी पिकली. वरोऱ्याच्या बाजारात नेली तर कुणी हात लावेना. पन्नासच्या दशकात परदेशातून तरुण स्वयंसेवक आले, आनंदवनात राहिले, तिथलंच जेवले, तिथल्या लोकांबरोबर विटा रचल्या. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरत गेली. पुढे आनंदवनात हातमाग आले, पत्र्याच्या डब्यांचं काम आलं, अंध मुलांची शाळा आली, कॉलेज आलं. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं त्यांनी बांधलेल्या कॉलेजात त्याच गावाची पोरं शिकायला येऊ लागली. मूलजवळ सोमनाथ आणि नागपूरजवळ अशोकवन हे प्रकल्पही उभे राहिले.

विकास आणि प्रकाश याच माणसांच्या अंगाखांद्यावर वाढले आणि दोघंही डॉक्टर झाले. डॉ. विकास यांनी आनंदवन सांभाळलं. डॉ. प्रकाश १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात गेले.

आणि बाबांच्या स्वतःच्या नसा

एकीकडे बाबा अशा माणसांत राहत होते ज्यांना वेदना होत नव्हत्या. दुसरीकडे त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आयुष्यभर वेदनाच आल्या.

मानेचे आणि कमरेचे मणके झिजत गेले. मणके झिजले की त्यांच्यामधून निघणाऱ्या नसा दाबल्या जातात आणि कळा थेट हातापायात उतरतात. ऑपरेशनं झाली, पण बसणं कायमचं बंद झालं. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं बाबा खुर्चीवर बसू शकले नाहीत. गळ्यात पट्टा, अंगात बंडी आणि अर्धी चड्डी असं त्यांचं रूप सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचं झालं.

त्याच अवस्थेत, डिसेंबर १९८५ मध्ये, तरुणांना घेऊन ते कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले. हे पहिलं भारत जोडो अभियान. तरुण सायकलवर आणि बाबा गाडीत पलंगावर आडवे. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा असं दुसरं अभियान झालं. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. धरणात बुडणाऱ्या आदिवासींच्या प्रश्नावर त्यांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण दोन्ही सरकारला परत केले.

२००७ मध्ये बाबांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. ९ फेब्रुवारी २००८ ला पहाटे आनंदवनात त्यांनी प्राण सोडला. वय ९३. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना आनंदवनाच्याच मातीत पुरण्यात आलं. २०११ मध्ये साधनाताईही गेल्या.

सदाफुलीचं औषध आणि सुन्न पाय

बाबा ज्या आजाराने गेले त्याचा एक भाऊबंद म्हणजे लिम्फोमा. ल्युकेमिया हाडांतल्या मगजात सुरू होतो, तर लिम्फोमा बहुतेक वेळा मान, काख, जांघ इथल्या गाठींमध्ये. दोन्हींचं मूळ रक्तातल्या पेशींमध्येच आहे. आज नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी विदर्भभरातून असे रुग्ण येतात. यातल्या अनेकांना किमोथेरपी सुरू झाल्यावर बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, तळवे सुन्न होतात, शर्टाचं बटण लागत नाही.

कारण काय? दोन्ही आजारांत वापरलं जाणारं एक महत्त्वाचं औषध आहे व्हिन्क्रिस्टीन. ते मिळतं आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून (म्हणून घरी सदाफुलीचा काढा करायचा नाही, तो विषारी ठरू शकतो). पेशीच्या आत अतिशय बारीक नळ्या असतात. कर्करोगाच्या पेशीला दुप्पट व्हायला त्या लागतात, आणि व्हिन्क्रिस्टीन त्याच मोडतं. पण पाठीच्या कण्याजवळून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या लांब नसांतही याच नळ्या रुळांसारख्या असतात. त्यांवरून नसेच्या टोकापर्यंत रसद जाते. रूळ उखडले की सगळ्यात लांबचं स्टेशन आधी बंद पडतं. म्हणून सुरुवात पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून होते. क्वचित लिम्फोमाची गाठच नसेवर दाबते किंवा रोग नसेत शिरतो.

कुष्ठरोगात जुना झालेला बधिरपणा सहसा परत भरून येत नाही. किमोथेरपीचा मात्र उपचार संपल्यावर काही महिन्यांत अनेकांचा बराचसा कमी होतो, काहींचा राहतो. कारणं वेगळी आहेत, पण सुन्न पायाला धोका तोच आहे: कळत नाही.

त्यामुळे काळजीही तीच. रोज रात्री तळपाय पाहायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरायचा किंवा घरच्यांना पाहायला सांगायचं. अनवाणी फिरायचं नाही. चप्पल घालण्याआधी झटकायची. आंघोळीचं पाणी बधिर बोटांनी न तपासता कोपराने तपासायचं. स्वयंपाक करताना फडकं किंवा सांडशी विसरायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरांना सांगायचं. कॅन्सरसारखा मोठा आजार समोर असताना मुंग्यांचं काय घेऊन बसायचं, असं म्हणून अनेक जण गप्प राहतात. वेळेत सांगितलं तर डॉक्टर औषधाची मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. स्वतःच्या मनाने मात्र औषध बंद करायचं नाही.

गोष्ट अजून संपलेली नाही

१९८० च्या दशकात कुष्ठरोगावर एकापेक्षा जास्त औषधांचा एकत्रित उपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. २००५ च्या अखेरीस भारताने दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला. तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यातून निघायला २०१९ साल उजाडलं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही आणि तिथे स्पर्शही कळत नाही, असं असेल तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. दुखत नाही हीच तर त्याची खूण आहे.

तुळशीरामची पहिली बधिर जागा कधीतरी अशीच एका चट्ट्याएवढी असेल. तेव्हा त्याला विचारणारं कुणी नव्हतं. पावसातल्या त्या संध्याकाळी त्याच्याकडे परत फिरून येणारा पहिला माणूस होता तो, जो आधी घाबरून पळाला होता.